शिरीषकाकांचा पोर्टेबल प्रेस

आमच्या शनिवारच्या शूटिंग रेंजच्या ग्रुपमध्ये माणसं तीनच. इथल्या, अमेरिकेतल्या कॅरी गावचे रिटायर्ड शिरीषकाका, आयटीतला मंदार आणि फार्मा लॅबमध्ये दिवसभर वजनं करून वैतागलेली मी, अनघा. पण किस्से इतके साठलेत की तिघांच्या गाड्यांत मावायचे नाहीत! त्यातले निम्मे एकाच वस्तूपायी. काकांना रिकामी काडतुसं पुन्हा भरायचा प्रेस हवा होता, तोही रेंजवर नेता येईल असा. त्या दिवशीची हवा बघून काडतूस जागेवरच भरायचं आणि ऑक्टोबरच्या मॅचमध्ये एकदा तरी नंबर काढायचा, ही त्यांची जिद्द. प्रेस निवडायला आठ महिने लागले. आठ!

* * *

सुरुवात घरातूनच झाली. काका-काकू दोघं नागपूरचे, आणि तिकडे प्रेस म्हणजे इस्त्री.

काका म्हणाले, "पोर्टेबल प्रेस घेतोय, रेंजवर न्यायला."

काकू म्हणाल्या, "घरची प्रेस चांगली चालते की! आणि तिथे कोण बघतंय तुमच्या शर्टाच्या सुरकुत्या?"

* * *

मग एक्सेल शीट आली. सतरा मॉडेल्स, बावीस कॉलम.

मंदारनं विचारलं, "काका, रंगाचा कॉलम कशाला?"

"गवतात पडला तर दिसायला नको?"

"यार काका, एवढं लोखंड गवतात हरवतं का!"

काकांनी शांतपणे तेविसावा कॉलम टाकला. 'हरवण्याची शक्यता.'

* * *

इंडियन ग्रोसरीत, भेंडी निवडता निवडता, काका मला फोनवर जोरजोरात सांगत होते, "दारू मी मोजूनच घेणार! रोज सारखी. एक कण जास्त नाही!"

शेजारच्या मावशी हळहळल्या. "मोजून का होईना, पण सोडाच हो आता. वय झालं."

काकांनी खुलासा केला, "अहो, ती दारू नाही. बंदुकीची!"

मावशी भेंडी तिथेच टाकून गेल्या.

* * *

दुकानात काकांनी सगळ्यात भक्कम प्रेस उचलला आणि 'पोर्टेबल' तपासायला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत पाठ धरली. सेल्समन खुर्ची घेऊन धावला.

"सर, पोर्टेबल आहे ना?"

"प्रेस आहे," काका कण्हले. "मी नाही!"

शेवटी हातात धरून दाबायचा छोटा प्रेस घेतला. तो मी पहिल्याच आठवड्यात सुचवला होता. पण माझं ऐकतंय कोण!

* * *

रेंजवर पहिल्या दिवशी वारा. तराजूचा आकडा ठरेना. "काका, घरून मोजून आणा," मी दहादा सांगितलं होतं. काकांनी मंदारला छत्री धरायला लावली, मला टॉवेल धरायला लावला, आणि स्वतः श्वास रोखून चिमूट चिमूट दारू टाकत बसले.

रेंज ऑफिसर लांबून बघत होता. जवळ येऊन त्यानं अदबीनं टोपी काढली. "सॉरी, तुमची प्रार्थना संपली की सांगा."

* * *

आणि मॅचचा दिवस! घरापासून दीड तास ड्राइव्ह. वारा नाही, ऊन छान. काकांनी पाच काडतुसं अशी भरली की मीसुद्धा लॅबमध्ये पास केली असती. काकांचं नाव पुकारलं. काका उठले, गाडीची डिकी उघडली, आणि तसेच उभे राहिले.

मग काकूंना फोन लावला. स्पीकरवर.

"अगं, रायफल?"

"तिजोरीतच आहे."

"घेऊन येतेस का? थांबतील ते. मी सांगतो त्यांना."

"आले असते हो. पण किल्ली तुमच्या खिशात आहे."

काकांनी खिशातून किल्ली काढली, नीट बघितली, टेबलावर ठेवली. खुर्चीवर बसले. आणि सहावं काडतूस भरायला घेतलं.