डॉक्टरांच्या कपाटातली पाच पुस्तकं

नागपूरच्या कॉलेजातल्या बाईंनी मला चार दिवसांची मुदत दिली होती. त्यातले तीन त्यांचं पत्र पुसदला पोचण्यातच गेले.

विषय त्यांना पसंत होता: आसपासच्या तांड्यांवर, अंगावरचं दूध तुटल्यावर लेकरांना काय भरवतात. पण संशोधनाच्या प्रस्तावासोबत पाच पुस्तकांची यादी हवी होती, लेखक, साल आणि पान यांच्यासकट. ती आज टपालात पडली नाही, तर गृहविज्ञानातल्या संशोधनाची उरलेली एकच जागा दुसरीला जाणार होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी वाचनालय गाठलं.

आमच्या वाचनालयात पुस्तकं विषयवार नव्हती, देणगीवार होती. प्रत्येक कपाटावर एका दिवंगताची पाटी. त्यामुळे बालकांच्या आहारावर काही आहे का, हे विचारण्याआधी गावात कोणता डॉक्टर वारला ते आठवावं लागे. एक नुकतेच गेले होते.

"हाय ना, तिसरं कपाट," ग्रंथपाल म्हणाले. "पण उघडता नाही येत."

"काहून?"

"उद्घाटन व्हायचं हाय. किल्ली अध्यक्षाजवळ, अन् ते उमरखेडले गेले, सत्काराले."

"कोणाच्या?"

"त्याइच्याच."

मी काचेला नाक लावलं. आत लाल कापडात बांधलेली चाळीसेक पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच नाव, डॉक्टरांचं. पुस्तकाचं नाव कुठेच नाही. कपाट एकसारखं दिसावं, असा अध्यक्षांचा हुकूम. औषधाच्या चिठ्ठ्यांपलीकडे डॉक्टरांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

दोन वाजले होते. टपालाची थैली चारच्या एस.टी.ने जाई.

"सगळे बांधून झाले?"

"चार-पाच चाचाकडे असतील अजून."

चाचा म्हणजे मशिदीमागचे पुस्तकं बांधणारे. मी पोचले तेव्हा त्यांचा खळीचा ब्रश एका पुस्तकावर टेकणारच होता.

"चाचा, हात नका लावू त्याले!"

"अरे बेटी, किताब हाय, साप नाही."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी खळीचं भांडं बाजूला सारलं, स्टूल पुढे केलं. बिनबांधलेली चार होती. एक डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर निघालं. उरलेल्या तिन्हींत हवं ते सापडलं. साडेतीनला टिपणं झाली, दोन जागा रिकाम्याच.

"कपाटातले दोन लिहून टाक," चाचा म्हणाले. "कोण पाहाते?"

"नावं कुठं माहीत हायत?"

"डॉक्टरचं लिहिलं हाय ना वर."

क्षणभर, खरं सांगते, दोन नावं रचावीशी वाटली. मग चार आणि पाच या आकड्यांपुढे लिहिलं: "पुस्तके गावात आहेत. कपाटाचे उद्घाटन बाकी." टपाल कचेरीत थैलीचं तोंड बांधत होते, तेवढ्यात पाकीट आत सरकवलं.

उत्तराला बारा दिवस लागले. त्या दिवसांत मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे. पत्रात एकच ओळ होती: "जुलैत रुजू व्हा; मात्र तीन पुस्तकांवर भागणार नाही."