कॉफी घरी होता, तरी तात्यांचा फोन आला

मी बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सुई, स्लाइड, मशीन, रिपोर्ट... दिवस यातच जातो. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचताना मी आजवर मनातल्या मनात हसतच आले. रागवू नका, पण खरं तेच सांगते. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये.

कॉफी हा आमचा कुत्रा. गावठीच, तपकिरी, उजवा कान जरासा फाटलेला. मूलबाळ नाही आम्हाला, त्यामुळे जो काही लाड व्हायचा तो त्याचाच. मागच्या लग्नसराईत इंदापूरला नणंदेकडे कार्यक्रम होता, त्यालाही गाडीत घालून नेलं. परत येताना निमगाव केतकीच्या अलीकडे चहाला थांबलो. शेजारून वरात चालली होती. फटाक्यांची माळ लागली, आणि माझ्या हातातला पट्टा सुटलाच. उसाच्या फडात तो कुठे घुसला ते दिसलंसुद्धा नाही.

खूप शोधलं. सचिन, म्हणजे माझे मिस्टर, सुट्टी मिळेल तेव्हा बाईक घेऊन तिकडे जायचे. त्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले. शेवटी आशा सोडली होती, तेव्हा एका दूधवाल्याचा फोन आला, की असा कुत्रा निमगावच्या बाहेर एका वस्तीवर आहे.

वस्ती म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, एक लिंबाचं झाड आणि बाजूला डाळिंबाची बाग. तिथे तात्या आणि आक्का, दोघंच. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता थोडी शेती. आक्कांची नजर पार गेलेली. आम्ही पोचलो तेव्हा त्या चुलीपासून झाडापर्यंत चालत होत्या, हात कॉफीच्या पाठीवर ठेवून. आणि आमचा हा धांदरट कुत्रा, जो घरात कधी सरळ चालला नाही, तो त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत होता!

मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं आणि जी धाव घेतली... मी तिथेच मातीत बसले, रडले.

तात्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. "तुमचं हाय ताई, तुमी न्या. उपाशी पडलं व्हतं बागंत, म्हून ठिवलं. हिचा जीव लागला बघा त्येच्यात. खंड्या म्हनती त्येला."

 निघताना आक्का फक्त एवढं म्हणाल्या, "दुपारची भाकरी देते मी त्येला. आजची खाऊन जाऊ दे की."

आम्हाला उशीर होत होता. खरं तर मला तिथून लवकर निघायचं होतं, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "पुन्हा आणू की आक्का भेटायला," आणि तात्यांना माझा नंबर दिला. गाडी निघाली तेव्हा त्या निरोपाला उभ्या होत्या, पण तोंड दुसरीकडेच, डाळिंबाच्या बागेकडे होतं.

पुढच्या आठवड्यात माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी जेवून मी सोफ्यावर पडले होते, कॉफी पायाशी झोपलेला. तात्यांचा फोन आला.

"ताई, काळजी करू नगा. खंड्या आलाय हितं."

"कोण?"

"तुमचं कुत्रं वं. एवढ्या लांबनं कसं आलं कुनास ठावं. तुमी हुडकत असाल म्हून फोन केला."

मी हसले. "तात्या, तो माझ्या पायाशी झोपलाय. दुसरा कुठला तरी असेल."

 ते हळू आवाजात म्हणाले, "उजवा कान फाटल्याला हाय, ताई. गळ्यात तुमचाच निळा पट्टा हाय. आन् आत्ताच हिच्या हातनं भाकरी खाल्ली की त्येनं."

मी खाली पाहिलं. निळा पट्टा कॉफीच्या गळ्यात होता. मी हाक मारली, तो उठला नाही. हलवलं, तरी नाही. श्वास चालू होता, पाय मधूनमधून हलत होते, पण जाग म्हणून नाही. मग जरा वेळानं आपोआप उठला, आळस दिला आणि पाणी प्यायला गेला.

हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. तात्यांचा फोन साधा, बटणांचा, त्यामुळे फोटो पाठवा म्हणायची सोय नव्हती. इकडे मी रोज दुपारी लॅबमधून जेवायला घरी यायचे तेव्हा कॉफी तसाच गाढ झोपलेला असायचा आणि संध्याकाळी जेवणाला तोंड लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, उलट अंगानं भरलाय. एके दिवशी त्याला जवळ घेतलं तर अंगाला धुराचा वास. चुलीचा धूर... आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, घरात गॅस. सचिनना वास घ्यायला लावला. ते हसायचे थांबले ते तेव्हापासून.

माझ्या डोक्यातला किडा गप्प बसेना. काय ते एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं आणि न कळवता रविवारी दुपारी कॉफीला घेऊन निमगाव गाठलं. गाडीत तो जागा होता, खिडकीबाहेर बघत होता.

अंगणात आक्का बसल्या होत्या, पुढ्यात रिकामी ताटली. तात्या धावतच आले. त्यांनी कॉफीला पाहिलं, मग मागे वळून झाडाखाली पाहिलं.

"आत्ता हितं व्हतं वं! गाडीचा आवाज आला आन्..."

मी कॉफीला आक्कांजवळ नेलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, फाटका कान चाचपला आणि हात मागे घेतला.

"ह्यो न्हवं," त्या म्हणाल्या. "ह्यो तुमचा हाय."

कॉफीही परक्या माणसाला हुंगावं तसं त्यांना हुंगून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

मी मग समजावायला बसले. लॅबमध्ये पेशंटला समजावते तसंच, शांतपणे. कुत्रा एकच आहे, तो माझ्याकडे असतो, इथे येणं शक्यच नाही. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग माझ्यापाशी कोन येत व्हतं, बाई?"

"भास होत असेल, आक्का. सवयीनं होतं असं."

"बरं," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

त्या दिवसानंतर तात्यांचा फोन आला नाही. कॉफीची ती झोपही गेली. दुपारी बेल वाजली की पूर्वीसारखा भुंकतो, संध्याकाळी पोटभर जेवतो. खूप वाट पाहून शेवटी मीच फोन केला. तात्या म्हणाले, "न्हाय आला पुन्हा."

मला राहवेना. सचिनशी बोलून कॉफीला तिकडे नेऊन सोडला, त्यांच्याकडेच राहू दे म्हणून. कसं सोडलं ते माझं मला माहीत. पण तो आक्कांच्या जवळ फिरकेना, रस्त्याकडे तोंड करून विव्हळत राहिला. तात्यांनीच बोलावून घेतलं. "न्या ताई. मुक्या जीवाचे हाल नगं."

तिथे काय येत होतं, मला माहीत नाही. लोक म्हणतात दुसरा कुत्रा असेल. असेलही. पण मग धुराचा वास? ती झोप? उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधावंसंही वाटत नाही. जे काही होतं, ते एका आंधळ्या बाईला दुपारी सोबत करत होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी कशाला मध्ये पडले?

परवा पुन्हा फोन केला होता. आक्का कशा आहेत विचारलं. तात्या म्हणाले,

"बरी हाय. भाकरी काढून ठिवती अजून. कवातरी इचारती मला..."

"काय?"

"म्हनती, त्या बाईंनी त्योबी नेला काय वं?"