वेणी मीच सोडली

अक्षर वाईट आहे. काना-मात्रा इकडची तिकडे झाली असेल, माफी असावी. चौथीनंतर सही करण्यापलीकडे हातात पेन धरला नाही. आता लिहिल्यावर माझ्याच लक्षात आलं की ही वही कोणी वाचणार नाही. रोशनीच्या जुन्या वहीची उरलेली पानं आहेत, लिहून झाली की पेटीत तळाशी ठेवणार आहे. मग माफी कोणाची मागितली? वाचणारं कोणी नाही तरी मागितली. तेच लिहायचं आहे.

"वेणी सोड तिची," काकू म्हणाल्या.

मे महिना होता. पांढुर्ण्यात ज्या घरी मी धुणं-भांडी करत होते, लेकराची मालिश करत होते, त्या घरच्या या काकू. संत्र्याचा व्यापार आहे त्यांचा. नातीच्या पायातली चांदीची एक तोरडी हरवली होती. शाळेला सुट्टी होती म्हणून माझी पोरगी रोशनी माझ्यासोबत यायची, लेकराला खेळवायची. अकरा वर्षांची आहे. तोरडी सापडेना तेव्हा काकूंनी तिला चपला झटकायला लावल्या. फ्रॉकचे खिसे उलटे करायला लावले. मग वेणी.

"केसात लपवतात हे लोक. मला माहीत आहे."

शेजारची बाई दारात उभी राहून पाहत होती. रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. आई काही म्हणेल असं तिला वाटलं. मी पुढे झाले आणि रिबीन ओढली. वेणी मीच सोडली. उवा पाहतात तसे केस बोटांनी वेगळे करून दाखवले. काही निघालं नाही.

तेव्हा तरी म्हणायला पाहिजे होतं, पाहा, काही नाही. माझ्या तोंडातून निघालं, "चुकलं काकू. लहान आहे. पुन्हा नाही करणार."

काकू शेजारणीकडे वळल्या. "ऐकलं का? मायच सांगून राहिली."

झालं. पोर चोर ठरली. मी ठरवली.

तिनं घेतली नाही हे मला त्या वेळीही माहीत होतं. तरी बोलले. दूध उतू गेलं, चुकलं. नळाला पाणी आलं नाही, चुकलं. रस्त्यात दुसऱ्याचा धक्का मला लागला, तरी मीच म्हणणार चुकलं. माझं माहेर तिगावचं. बाप हात उचलायचा तेव्हा चूक कोणाची हे तो विचारत नव्हता. जी आधी चुकलं म्हणेल तिचा मार लवकर थांबायचा. बहिणींत मी सगळ्यात आधी म्हणायची. लोक म्हणायचे, पोट्टी लय गरीब आहे. मीही त्याला माझा चांगला स्वभाव समजत गेले. पाठ वाचवायची युक्ती होती ती. त्या दिवशी मी माझी पाठ वाचवली आणि पोरीची पुढे केली.

तोरडीचे साडेतीन हजार धरले. दर पगारातून पाचशे कापायचे. "पोलिसात दिलं नाही, उपकार समज," काकू म्हणाल्या. मी हात जोडले.

घरी आल्यावर रोशनीनं विचारलं, "मी घेतलीच नाही तर तू चुकलं कायले म्हटलं?"

मी तिला मारलं.

मोहल्ल्यातली पोरं तिला तोरडी म्हणायला लागली. ए तोरडी, वाजत नाही का वं? एकदा नळावर मोठ्या बाया होत्या. रोशनी पाणी भरायचा गुंड घेऊन आली तशी एक म्हणाली, "तोरडी आली, पाय झाका वं." सगळ्या हसल्या. मीही तिथं होते. मीही हसले, बारीकसं. चारचौघं हसले की आपणही हसायचं, ही माझी दुसरी सवय. रोशनीनं पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्या हातून वेणी घालून घेत नाही.

सहा पगार कापले गेले. डिसेंबरात लेकराचा पहिला वाढदिवस आला. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते. लेकरू भिंतीला धरून धरून आत आलं. दोन्ही पायांतून आवाज येत होता.

एका तोरडीवर लाल धागा होता. तिचा आकडा लेकराला टोचायचा म्हणून उन्हाळ्यात मीच तो गुंडाळला होता. हरवली होती ती हीच.

काकूंनी मला पाहताना पाहिलं.

"अगं हो, दिवाळीच्या आधी गाडी धुवायला दिली तेव्हा सीटखाली निघाली. सांगायचं राहूनच गेलं. लाट लवकर, तेल तापलं."

दिवाळीनंतरही पाचशे कापले होते. दिवाळीला त्यांनी वापरलेली एक साडी दिली होती, तिच्यासाठी मी पाया पडले होते.

त्या दिवशी मी सगळ्या पुऱ्या लाटल्या, तळल्या, भांडी घासली. घरी येऊन रोशनीजवळ बसले. ती अभ्यास करत होती. तोरडी सापडल्याचं सांगितलं. मग म्हटलं, "माझं चुकलं, बाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

तिनं मान वर केली नाही. "तू तर सगळ्यायलेच म्हणते."

बापानं इतकं मारलं नाही कधी. पोर खरं बोलली होती. दारोदार वाटून आलेला शब्द मी तिला देत होते.

"मग काय करू?" मी विचारलं. हे नवीन होतं. तिला सांगितलं होतं, ओढलं होतं, मारलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

वही मिटून ती म्हणाली, "माह्यासमोर सांग त्यायले."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. शेजारच्या बाईला मी स्वतः हाक मारून बोलावलं, कारण तेव्हा तिनं ऐकलं होतं. काकू दारात आल्या.

"माझ्या पोरीनं तोरडी घेतली नव्हती," मी म्हटलं. "मी भीतीनं खोटं बोलले. तोरडी तुमच्याच गाडीत निघाली. माझे तीन हजार द्या."

"लय बोलायला शिकली वं. चुकलं म्हणून तूच म्हटलं होतं ना?"

"हाव. तेच खोटं होतं."

"तीन हजारांसाठी दारात तमाशा करून राहिली. पोरीची एवढी माया होती, तर तेव्हा कुठं गेली होती?"

हे त्यांनी बरोबर विचारलं. चुकलं हा शब्द दातांपर्यंत आला. गिळला.

"तेव्हा नव्हती," मी म्हटलं. "पैसे द्या."

"पुढच्या पगारात पाहू. जा, भांडी पडली आहेत."

"आजपासून काम बंद. पैसे द्या."

काकू आत गेल्या. चार नोटा आणून उंबऱ्यावर टाकल्या. दोन हजार. "बाकीचे नंतर."

रोशनी उचलायला वाकली. मी तिचा हात धरला.

"हातात द्या," मी म्हटलं.

शेजारची बाई खाली पाहायला लागली. काकूंनी वाकून नोटा उचलल्या आणि माझ्या हातात आपटल्या.

उरलेल्या हजारासाठी घातलेल्या चार खेपा फुकट गेल्या. तेवढ्या दिवसांत काकूंनी गल्लीत सांगितलं, बाई माजली आहे. आणखी दोन घरची कामं सुटली. नवरा आठ दिवस बोलला नाही. रोशनीही मोजकंच बोलते. मी जास्त मागत नाही.

मी ठरवलं आहे. केलं नाही ते कबूल करणार नाही, आणि पोरीच्या नावानं तर काहीच कबूल करणार नाही. तिला आधी विचारीन. केलं ते मात्र नाकारणार नाही. वेणी मी सोडली. मार मी दिला. नळावर मी हसले. याची भरपाई काकूंकडून येणार नाही, ती माझ्याकडे बाकी आहे आणि शब्दांनी फिटणारी नाही.

पाचव्या खेपेला रोशनी सोबत होती. काकूंनी हजार रुपये पुढे केले. मी हात मागे घेतला आणि रोशनीकडे बोट दाखवलं. त्यांना तिच्या हातात द्यावे लागले. तिनं तिथंच उभं राहून मोजले. तीन हजार पुरे झाले.