डोळ्यांतली हळद

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती अमरावतीहून अकोल्याला आली. दवाखान्यातून मायलेकी घरी यायच्या आधीच मी मागच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर ठोकून ठेवली होती. थंडीचे दिवस, बाळंतिणीला वारा बाधतो.

पंचविशीतली मी हे पाहून खदखदा हसले असते. ती बाई फार शहाणी. बी.एस्सी. झाल्याचा तोरा एवढा, की सासूबाईंनी लावलेला असाच पडदा तिने ओढून काढला होता. वर मासिकात वाचलेलं, म्हणून पोरगी रडून लाल झाली तरी घड्याळाचा काटा ठरल्या जागी येईपर्यंत पाजायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "वो बाई, पोट काय घड्याळ घालून आलं काय?"

त्या शहाणीची आता आजी झाली होती.

रोज सकाळी डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून मी नातीला न्हाऊ घालायचे. मग घट्ट गुंडाळलं की ती झोपलीच. रडणं नाही, काही नाही. शेजारीण म्हणाली, "किती गुणी पोरगी वो!" मी फुगले.

लेक मात्र घाबरलेली. "आई, हे पीतच नाही. दोन घोट घेते अन् झोपते."

"थकते न बाप्पा. तूही अशीच झोपायची."

साफ खोटं. ती तर घर डोक्यावर घ्यायची.

"पिवळी दिसून राहिली ते."

"हळद आहे. नाही तर काय, सोन्याची आहे काय तुही पोरगी?"

असा विषय मी उडवून लावला. मग एका दुपारी लाइट गेली. खोलीत हाताला हात दिसेना, म्हणून पाजायला उठवण्यासाठी मी पोरीला मागच्या अंगणात आणलं. गालाला बोट लावलं, तळव्याला गुदगुल्या केल्या. उठेचना. बऱ्याच वेळाने तिने डोळे किलकिले केले. पांढरं असायचं तिथे पिवळं होतं.

डोळ्यांत कोणी हळद लावत नाही.

तशीच ऑटो करून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोरीचा तळपाय दाबून पाहिला. "कावीळ पायापर्यंत उतरलीय. अशी झोपून कधीपासून आहे?" लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

कावीळ उतरवायला नातीला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. एवढा उजेड मी तिला जन्मापासून दाखवला नव्हता. काचेबाहेर लेक हळूच म्हणाली, "आई, उशीर झाला असंन तर?"

"नाही झाला," म्हणायला मी तोंड उघडलं. मग पदराने काचच पुसत राहिले.

दोन दिवस तिला नळीने दूध गेलं. मग एका सकाळी आतून असं भोकाड ऐकू आलं, की नर्स हसतच बाहेर आली. "आजी, भुकेनं बोंबलून राहिली तुमची गुणी नात. तिच्या आईले पाठवा!" लेक धावली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, देवाशपथ.

घरी आल्यावर खिडकीवरची चादर मी स्वतःच उपटली. पंचविशीतली ती शहाणी कुठेतरी दात काढत असेल. काढू दे. पडद्याचं तिचं बरोबर होतं. घड्याळाचं मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

कावीळ उतरली आहे. पण एवढी चढली की कधी कधी ऐकण्यावर जाते, असं डॉक्टर म्हणाले. कानांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर मी नातीच्या मागे उभी राहून वाटीवर चमचा वाजवते. ती दचकते. एखाद्या वेळी दचकत नाही, मग माझं जेवण तसंच ताटात राहतं.

"आई, झोपू दे न तिले!" लेक ओरडते.

"झोपू दे तर, मी कुठं काय करून राहिली?" म्हणत मी बाहेर जाते. थोड्या वेळाने परत येते, वाटी पदराखाली.