जुन्या खुर्चीला हळदकुंकू

बाबा गेले तेव्हा मी घरी गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं खुर्च्याटेबलांबद्दल आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाईला सामानाचा शौक आहे. मला सामानाचा शौक नाही. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये नऊ वर्षं काढली, त्यातली बरीचशी जमिनीवर गादी टाकून झोपले.

नोव्हेंबर होता. माझ्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली आणि पुढच्या कागदांचा अर्ज अडकलेला. वकील म्हणाला, देशाबाहेर गेलात तर परत कधी येता येईल ते मी सांगू शकत नाही. जाऊ नका, असं तो म्हणाला नव्हता. मी मात्र तसंच ऐकलं. नाशिकला चुलतभावाने अग्नी दिला. वहिनीने फोन धरला होता आणि मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहत होते. चित्र मध्येच अडकलं. परत सुरू झालं तेव्हा माणसं चपला शोधत होती. मी आत गेले आणि सकाळचे उरलेले नमुने फ्रीझरमध्ये लावले. लेबलं सरळ चिकटवली. रडू आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून मी टिश्यूचं पाकीट पर्समध्ये घेऊन फिरत होते. ते शेवटी सर्दीला उपयोगी पडलं.

लिलावांचा नाद त्याच सुमारास लागला. इथे म्हातारं माणूस गेलं की मुलं घर रिकामं करायचं काम एखाद्या कंपनीला देऊन टाकतात. कंपनीची माणसं येतात, प्रत्येक वस्तूचा फोटो काढतात, तिला नंबर देतात आणि अख्खं घर वेबसाइटवर मांडतात. एका नंबरात एखादी खुर्ची असेल, नाहीतर ओट्याखालचं सगळं किडूकमिडूक. बोली आपण फोनवरून लावायची. शेवटच्या मिनिटाला कोणी बोली वाढवली की घड्याळ दोन मिनिटं पुढे सरकतं, म्हणजे हावरटांना आणखी हावरट व्हायला वेळ मिळतो. मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, त्याच घरी जाऊन आपलं आपण उचलून आणायचं. पाना, स्क्रू ड्रायव्हर, खोकी सगळं आपलं.

सुरुवातीला मी काहीच घेत नव्हते, नुसती पाहत होते. उघडा ड्रॉवर, त्यात चमचे. उघडं कपाट, त्यात टॉवेल. शिवणाचं मशीन, सुईत दोरा तसाच. असे तीनशे-चारशे फोटो संध्याकाळी सोफ्याशिवायच्या माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून पाहायचे. काही वाटायचं नाही, आणि काही न वाटण्यात एक आराम होता. बाबांचे फोटो मात्र मी फोनमध्ये एकदाही उघडले नव्हते.

फेब्रुवारीत माझा परवाना आला. आता मी भारतात जाऊन निर्धास्त परत येऊ शकत होते. त्याच आठवड्यात मी विमानाचं तिकीट काढलं, आईचं, मुंबईहून डेट्रॉइटचं. परवान्याबद्दल तिला सांगितलं नाही. म्हटलं, "माझे कागद अजून लटकलेत गं, तूच ये सहा महिने. हवापालट होईल." ती बरं म्हणाली. तू का आली नाहीस, असं तिने नोव्हेंबरपासून एकदाही विचारलं नव्हतं. ती विचारेल, याचीच मला भीती होती. सहा महिने एका घरात राहायचं म्हणजे कधीतरी विचारणारच.

आई येणार म्हणजे पलंग हवा, खुर्ची हवी. नवं घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण दुकानात गेलं की विक्रेता विचारतो, कोणासाठी हवंय, आणि मला कोणाशी बोलायचं नव्हतं. लिलावात कोणी काही विचारत नाही. मी पलंग घेतला, दिवा घेतला, डिनर सेट घेतला, आणि हात टेकायला लाकडी पट्ट्या असलेली, पाठ उंच असलेली एक हिरवी खुर्ची घेतली. आणायला गेले की कंपनीची बाई दारात यादी घेऊन उभी असायची. मी नंबर सांगायचा, तिने आत बोट दाखवायचं. कुणाच्या जिन्याला धरायचा कठडा नवा बसवलेला असायचा. कुणाच्या फ्रिजवर डॉक्टरच्या वेळेची चिठ्ठी. ड्रॉवरमध्ये जे असेल ते आपल्याबरोबर यायचं, रबरबँड, वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, कशाच्या कोण जाणे त्या किल्ल्या. मी ते घरी येऊन कचऱ्यात टाकायचे. हात जराही अडखळत नव्हता. याचंही मला काही वाटत नव्हतं, आणि हे बरं लक्षण नाही एवढं कळत होतं.

एप्रिलच्या शेवटी आई आली. बर्फाचे काळे ढीग अजून पार्किंगच्या कोपऱ्यात होते. तिने घरभर फिरून पाहिलं, पलंगावर हात दाबला, खुर्चीत बसली.

"एवढं सगळं नवं घेतलंस? माझ्यासाठी?"

आता, आमच्या आईला मी ओळखते. मेलेल्या माणसाच्या अंथरुणाला ती हात लावणार नाही. बाबांची गादी तेराव्याच्या आत घराबाहेर गेली होती. मी म्हटलं, "हो, नवंच आहे."

तिने बॅग उघडली, साड्यांच्या घडीतून स्टीलची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "घे, हळदकुंकू लाव. सगळ्यांना लाव. नवी वस्तू तशीच वापरू नये."

"तूच लाव ना."

"मी नको आता. तू लाव."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. फोनवर ते लक्षात आलं नव्हतं, की मी पाहिलं नव्हतं. माझा भयंकर संताप झाला, कोणावर ते कळेना. पण वाद घालायलाही अंगात काही नव्हतं. मग मी, विज्ञानात डॉक्टरेट घेतलेली बाई, कुणा परलोकवासी अमेरिकन आजोबांच्या खुर्चीला दोन बोटं हळदीची आणि दोन कुंकवाची लावली. पलंगाला लावली. दिव्याला लावली. आई मागून म्हणत होती, "नमस्कार कर." मी नमस्कार केला.

त्या पलंगावर तिला फार छान झोप लागायची. मावशीला फोनवर सांगायची, "पोरीने सगळं घर नवंकोरं घेतलंय माझ्यासाठी. नाही गं, नऊ वर्षं जमिनीवर झोपायची वेडी." मी भांडी घासत ऐकत असायचे. दिवस चांगले चालले होते. ती सकाळी बसने लायब्ररीपर्यंत जाऊन यायला शिकली. भारतीय दुकानातल्या मेथीला रोज नावं ठेवायची आणि रोज आणायची. मी लॅबमधून आले की आम्ही जेवायचो, मालिका पाहायचो. बाबांचा विषय निघाला की तो औषधं, पेन्शनचे फॉर्म, गॅसची जोडणी नावावर करून घेणं, एवढ्यावरच राहायचा. ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हते. मे गेला, जून गेला. मला वाटायला लागलं, सुटले.

लिलाव मी बंद केले नव्हते. आई म्हणायची, मोबाइलमध्ये काय एवढं बघत असतेस, आणि मी ऑफिसचं आहे म्हणायचे. घरात वस्तू येत राहिल्या. प्रत्येक वस्तूला मी हळदकुंकू लावत राहिले.

सप्टेंबरात लिलावात एक जेवणाचं टेबल मिळालं. पाय सुटे होत असले तरी वरची फळी एकटीला उचलण्यासारखी नव्हती, आणि कंपनीचा नियम पक्का, आम्ही हात लावणार नाही. लॅबमधली मैत्रीण व्हॅन देणार होती, बरोबर येणारही होती. ऐनवेळी तिचं मूल आजारी पडलं आणि नुसती व्हॅन मिळाली. आई म्हणाली, "मी आहे ना. बसून बसून कंबर धरलीय माझी." मी म्हटलं, वेअरहाऊस आहे, लांब आहे, कंटाळशील. ती चपला घालून दारात उभी राहिली.

अर्ध्या तासावर मक्याच्या शेतांना लागून एक बैठं घर होतं. रस्त्यावर गाड्या लावलेल्या, माणसं दिवे आणि शिड्या घेऊन बाहेर पडत होती. "हे वेअरहाऊस?" आई म्हणाली. मी म्हटलं, "इथेच ठेवतात." तिने माझ्याकडे पाहिलं. व्हॅनमध्येच बस, टेबल सुटं झालं की बोलावते, असं सांगून मी आत गेले. तिसऱ्या पायाचा स्क्रू निघत नव्हता. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. तिला बाथरूमला जायचं होतं. यादीवाल्या बाईने हसून आतला पॅसेज दाखवला.

चौथा पाय निघाला तरी आई आली नाही. मी शोधायला गेले.

ती शेवटच्या खोलीत होती. त्या खोलीतले लाकडी हँगर कुणीतरी लिलावात घेतले होते. माणूस येऊन आपले हँगर घेऊन गेला होता आणि त्यावरचे शर्ट पलंगावर ढीग करून टाकले होते, पंचवीस-तीस तरी, चौकड्यांचे, धुतलेले. आई पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या घड्या घालत होती. एक बाही मागे, दुसरी बाही मागे, मग मधून दुमड. आठ-दहा झाले होते.

"ज्याचे हे शर्ट, तो माणूस गेलाय ना?"

"हो."

"माझा पलंग असाच?"

"हो."

"खुर्ची?"

"सगळंच, आई."

मला वाटलं आता ओरडेल. विटाळ, अपशकुन, अंघोळ, सगळं निघेल. ती पुढचा शर्ट ओढून घेऊन म्हणाली, "तोंडाने सांगायचं की मग." मग त्याची बाही मागे दुमडत म्हणाली, "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पलंगाच्या फळीवर कुणाच्या तरी औषधाची गोळी चिकटलेली होती. नव्या पलंगाला कुठून येणार गोळी?"

यादीवाली बाई दारातून डोकावली. "मॅम, ते सगळं डंपस्टरमध्ये जाणार आहे. त्रास नका घेऊ." मी आईला मराठीत सांगितलं, हे टाकून देणार आहेत. तिला बहुधा आधीच समजलं होतं. "टाकू देत," ती म्हणाली आणि हात चालू ठेवले.

"किती घरांत गेलीस अशी?"

"असतील दहाबारा."

"दहाबारा." तिने शर्टाची कॉलर सरळ केली. आवाज चढलेला नव्हता. भाजीचं काहीतरी विचारावं तसं ती बोलत होती. "बाबांचं कपाट मी एकटीने आवरलं. तुझी वहिनी येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. म्हटलं, आमची येईल, तिच्यासाठी राहू दे. फेब्रुवारीपर्यंत ठेवलं तसंच. मग तू माझं तिकीट पाठवलंस. मग आवरून टाकलं." तिने शर्ट ढिगावर ठेवला. "कागद कधी आले तुझे?"

ती विचारेल तेव्हा काय बोलायचं, हे मी दहा महिने घोकून ठेवलं होतं. वकील, शिक्का, तारखा. ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"फेब्रुवारीतच आले," मी म्हटलं.

तिने मान हलवली. बाहेर कुणीतरी शिडी भिंतीवर आपटली आणि सॉरी म्हणालं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते आणि माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. कुठे ठेवावा ते सुचेना. मग मी जे कधीच कुणाला, स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते बोलले.

"मला यायचं नव्हतं, आई. कागदांचं काही नाही. बाबा नसलेलं घर मला बघायचं नव्हतं."

"मला तरी कुठे बघायचं होतं," आई म्हणाली. "पण मी घरातच होते ना."