सहाकोनी दगड

आमच्या गावच्या स्मशानात बसायला सहाकोनी दगड आहेत. मागच्या डोंगराच्या कड्यात असेच उंच खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांचेच हे खाली पडलेले तुकडे. तिसऱ्या दिवशी आईची राख सावडायला आम्ही तिघं भाऊ गेलो आणि एकेका दगडावर बसलो. एका दगडावर दुसऱ्याला जागा होत नाही.

असे खांब आयर्लंडच्या समुद्रकाठी आहेत, आइसलंडच्या धबधब्यामागेही आहेत. कुणीतरी रचून ठेवलेत असंच वाटतं. पण हे खांब लाव्हाचेच. लाव्हा तापलेला असतो तोवर एकजीव असतो. निवताना आकसतो आणि त्याला वरपासून खालपर्यंत तडे जातात. लांबून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण आम्हाला म्हणतोय, "तुम्ही तिघं एकत्र आहात, हे बरं आहे."

"दादा, घराच्या वाटणीचं आजच बोलून घेऊ," धाकटा म्हणाला.

"आधी राख निवली का बघा," मधला त्याच्याकडे न बघता म्हणाला.

मी उठलो, वाकून राखेवर हात ठेवला. पार निवली होती.