सासूबाईंच्या अंगात देवी नव्हती

वसू गेली त्या सकाळी शेजारीण दारात येऊन हळूच म्हणाली, "हिच्याही अंगात यायचं ना, अक्का?" मला रडायचं होतं, त्याऐवजी संताप आला.

माझ्या नणंदेच्या, वसुधाच्या, अंगात काहीही येत नव्हतं. तिला हंटिंग्टनचा आजार होता... आईबापांकडून मुलांत उतरणारा, हातपाय आपल्या मर्जीनं फेकायला लावणारा. पण चामराजपेटच्या आमच्या घरानं सासूबाईंच्या झटक्यांना देवी ठरवून टाकलं होतं. मंगळवारी बायका ओटी भरायला यायच्या. सोयीचंच होतं ते! देवीला कुणी औषध विचारत नाही आणि ती मुलांच्या लग्नात आडवीही येत नाही. माझं लग्न असंच झालं.

डॉक्टरांनी वसूला आजाराचं नाव सांगितलं आणि तिनं आईचं चित्र काढायला घेतलं. वाकलेल्या बायका, सांडलेले तांदूळ, मध्ये भेदरलेल्या डोळ्यांच्या सासूबाई. तिचा हात तेव्हा थाऱ्यावर नव्हता, रेघा भरकटायच्या. मनगट धरू का, विचारलं तर म्हणाली, "नको वहिनी, मग ते खोटं होईल."

वसूच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं आणि नेमकं माझ्या मीराला हुबळीचं स्थळ आलं. चित्राखाली आजाराचं नाव लिहिलेलं पाहून हे भडकले.

"वसू, स्वल्प ऐक. मीराचं काय?"

"तिचंच बघतेय, अण्णा. तिला कोण सांगणार आहे?"

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. उद्घाटनाच्या दिवशी लोक यायच्या आत हे स्टुलावर चढून चित्र उतरवायला लागले. तार खिळ्यातून निघेना. बोटं भलतीकडेच जात होती. मला वाटलं, रागानं थरथरताहेत. वसूनं मात्र ओळखलं. "अण्णा... कधीपासून?" ह्यांनी हात झटकन खाली घेतला. दारात मीरा उभी होती. चित्र तिथंच राहिलं.

वसूचं सुतक फिटल्यावर हुबळीचे लोक भेटायला आले. चित्र आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. मुलाच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?" ह्यांच्या हातातली कपबशी वाजत होती, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"माझी आई. तिला हा आजार होता. चित्र काढणाऱ्या माझ्या बहिणीलाही होता." ह्यांनी मीराकडे बघितलं. "मलाही आहे."

मीरा उठली आणि वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.